कर्त्या पुरुषाचा नेम

पब्जीच्या स्क्वॉडमध्ये चार जण लागतात, आणि गोव्यातल्या मूळ घरी चवथीला जमलेल्या पोरांत चौथा हमखास कमी पडतो. पेडण्यात जा, नाहीतर डिचोलीत. पुण्या-मुंबईहून आणि पर्वरी-फोंड्याहून आलेली मंडळी सोप्यावर पसरलेली असतात. माटोळी बांधून झालेली असते, आरतीला वाजलेलं घुमट पुन्हा खुंटीवर गेलेलं असतं, नेवऱ्यांचा डबा ज्याच्या हाती लागू नये त्याच्याच हाती लागलेला असतो. कोपऱ्यात तीन भाचे मोबाइल आडवे धरून बसलेले. चौथा शेजारच्या वाड्यावर आरती म्हणायला गेला तो अजून परतलेला नाही. तिघांची नजर घरभर फिरते आणि ज्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातात त्या क्षणी काहीच नाही, त्याच्यावर येऊन थांबते.

"मामा, येता? एकच मॅच."

मामा येतात. शंभर माणसं विमानातून एका बेटावर उड्या मारतात, मामा त्यांतले एक. बाकीचे घरांत शिरून बंदुका गोळा करत असताना मामा पॅराशूट उघडल्यापासून खालचा समुद्र बघत असतात. बरा आहे, आपल्या हरमलसारखा, असंही म्हणतात. जमिनीवर उतरल्यावर दार उघडायचं बटण सापडायला थोडा वेळ जातो. मग भाचा ओरडतो, "मामा, फाटल्यान आसा!" आणि मामा खरोखर मान मागे वळवून सोप्याच्या दाराकडे बघतात. तेवढ्यात कारभार आटोपतो.

इथवर कुणाची तक्रार नाही. माणूस पहिल्यांदा खेळतो, मरतो. तक्रार पुढच्या वाक्याबद्दल आहे. मोबाइल परत देताना मामांच्या चेहऱ्यावर हरल्याची खूणसुद्धा नसते. ते शांतपणे म्हणतात, "आमच्या डोक्याला शंभर व्याप. तुमच्यासारखा टायम असता तर दाखवलं असतं."

हे वाक्य मी पेडणे तालुक्यात ऐकलं आहे आणि डिचोलीत सासरवाडीलाही ऐकलं आहे. पोहता येत नाही असं कबूल करणारी माणसं भेटतात, पोर्तुगीज येत नाही म्हणणारी भेटतात, स्कूटर चालवता येत नाही हेही लोक सांगून टाकतात. पण "मला व्हिडिओ गेम जमत नाही" एवढंच बोलून गप्प बसणारा कर्ता पुरुष मला अजून भेटायचा आहे. तो लगेच व्यापांची यादी काढतो. आणि यादी खोटी नसते. पंचायतीत घरपट्टी भरायची, मामलेदार कचेरीत एक-चौदाचा उतारा आणायचा, शुक्रवारी म्हापशाचा बाजार, काजूच्या दिवसांत भाटात खेपा, मुलीची दहावी, आईचं ब्लड प्रेशर, स्कूटरचा हप्ता, देवळाच्या महाजनांची बैठक, आणि त्या बैठकीत गेल्या वर्षीपासून न बोलणारे दोन चुलत भाऊ. एवढं डोक्यात असताना कोण कुठल्या झाडामागे लपलाय ते दिसायचं कसं?

यादी खरी, पण सूर बघा. तक्रारीचा सूर नसतो तो. "आम्हाला कुठली सवड सिनेमे बघायला" हे ज्या थाटात म्हणतात, तोच थाट. हरणं हा कर्तेपणाचा पुरावा म्हणून पुढे केला जातो.

समाजालाही ते मान्य आहे. समजा एखाद्या स्थळाची चौकशी चालली आहे. मुलगा सरकारी नोकरीत, स्वभाव सालस, दारूला शिवत नाही. एवढ्यात कुणीतरी म्हणतं, "आणि पब्जीत कॉन्करर आहे हं!" कॉन्करर ही त्या खेळातली सर्वांत वरची पायरी. ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, एस, एवढं सगळं ओलांडून तिथे पोचतात. दुसऱ्या कुठल्याही क्षेत्रात पोरगा इतका वर गेला असता तर सासऱ्याने गावभर पेढे वाटले असते. इथे सासरा गप्प होतो. ऑफिसात हा करतो काय, हे तो तोंडाने विचारत नाही, पण पत्रिका परत जाते. तोच मुलगा ब्रॉन्झमध्ये रुतलेला असेल तर लग्न ठरतं. वाईट खेळणं हा चारित्र्याचा दाखला झाला आहे, आणि तो मिळवायला तलाठ्याकडेही जावं लागत नाही.

तेव्हा सबब एकदा नीट तपासायला हवी. त्यासाठी जबाबदारी आणि वेळ या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. एरवी एक वाढली की दुसरा घटतो, त्यामुळे नेमकं कशाने हरलो ते कळत नाही. डिचोली तालुक्यात मात्र या दोन्ही एकदा सुट्या झाल्या, आणि ते काही कुणाच्या हौसेने झालं नाही. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या. २०१२ मध्ये एकदा थांबल्याच होत्या, ही दुसरी खेप. शिरगाव, मये, डिचोली, साखळी या पट्ट्यात ज्यांनी कर्ज काढून टिपर घेतले होते, त्यांचे टिपर दारात उभे राहिले. हप्ते चालू, काम बंद. जबाबदारी होती तेवढीच, किंबहुना छातीवर बसलेली, आणि वेळ मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत. आणि १९ मार्च २०१८ रोजी, खाणी थांबल्यावर अवघ्या तीन दिवसांनी, पब्जी मोबाइल जगभर उपलब्ध झाला.

माझा डिचोलीचा मेव्हणा टिपरवाला. त्याला खेळ शिकवला तो त्याच्याच क्लीनरने. खेळातली जीप तो फार सुंदर चालवायचा. मातीचा चढ कुठून घ्यायचा, उतारावर कुठे सोडायची, हे बघायला वाड्यावरची पोरं त्याच्याभोवती जमायची. पण जीपमधून उतरला की मेला. विचारलं तर म्हणे, "डोक्यात हप्ता असला की नेम लागत नाही." खाणी जोरात होत्या तेव्हा हाच गृहस्थ कॅरममध्ये हरायचा आणि म्हणायचा, "खेपा मारून मारून हात थरथरतो, प्रॅक्टिसला टायम खंय?" वेळ नव्हता तेव्हा वेळ नव्हता म्हणून हरला, वेळ आला तेव्हा घोर होता म्हणून. त्या वर्षांत डिचोलीने काय सोसलं ते ठाऊक असलेल्या माणसाने त्याला हसू नये, आणि मी त्याच्यासमोर हसलोही नाही. पण वेळ मिळाला की खेळ सुधारतो, या समजुतीचा निकाल तिथेच लागला.

पुढच्या फेब्रुवारीत, २०१९ साली, राज्याचे त्या वेळचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी पब्जी हा घराघरांतला राक्षस झाल्याचं सांगितलं आणि त्याला आवर घालणारा कायदा हवा असं म्हटलं. आता राक्षस म्हटल्यावर गोव्यात भीती वाटण्याऐवजी उत्साह येतो, हे मंत्र्यांनाही माहीत असणार. नरकासुर आम्ही स्वतःच बांधतो, त्यासाठी वर्गणी काढतो, रात्रभर नाचवतो, पहाटे जाळतो आणि पुढच्या दिवाळीला आणखी उंच करतो. पब्जीचं तंतोतंत तसंच झालं. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात तो जळाला. २ जुलै २०२१ रोजी बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया असं नवं नाव घेऊन उभा राहिला. जुलै २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. नाव बदललं तरी पेडण्यात त्याला सगळे पब्जीच म्हणतात.

प्रत्येक बंदीला भाचे रडकुंडीला आले आणि मामांच्या चेहऱ्यावर तेज चढलं. "आत्ता कुठे हात बसत होता," असं म्हणायची सोय थेट दिल्लीहून झाली. एवढा भक्कम आधार कुठल्याच सबबीला पूर्वी मिळाला नव्हता. तशी सरकारांना आमच्या हरण्याची काळजी आहेच. मांडवीतल्या कॅसिनोंत जुगार खेळायला गोमंतकीयांना २०२० पासून मज्जाव आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्यात ई-स्पोर्ट्सना मात्र उत्तेजन ठेवलं. म्हणजे पैसे हरण्यापासून पणजीही वाचवते आणि दिल्लीही वाचवते. भाच्यांसमोर अब्रू जाते, त्यासाठी कुठलंच खातं नाही.

शास्त्राकडे वळावं तर तेही मामांच्या बाजूने उभं राहत नाही. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये 'स्टारक्राफ्ट टू' हा खेळ खेळणाऱ्या ३,३०५ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वयं १६ ते ४४. पडद्यावर नवं काही दिसल्यापासून माणूस पहिली हालचाल करेपर्यंत किती वेळ जातो, ते त्यांनी मोजलं. हा वेळ वाढायला लागतो तो चोविसाव्या वर्षापासून.

चोवीस! गोव्यात चोविसाव्या वर्षी माणसाच्या नावावर घरपट्टी नसते, हप्ता नसतो, बायको नसते. असते ती पदवी आणि रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड. म्हणजे हात मंदावतो आधी आणि जबाबदाऱ्या येतात मागाहून. त्यांच्यावर आळ घेणं हे वरातीनंतर आलेल्या पाहुण्याला जेवण संपवल्याचा दोष देण्यापैकी झालं. बाकी हा बघण्यापासून करण्यापर्यंतचा वेळ कॅनडात मिलिसेकंदांत मोजतात, आपल्याकडच्या कचेऱ्यांत महिन्यांत. त्या कचेऱ्यांतली माणसंही चोविशी ओलांडलेलीच असतात.

त्याच अभ्यासात एक दिलासाही आहे. हात मंदावले तरी थोराड खेळाडू सोपे डावपेच आणि शॉर्टकट वापरून भरपाई करतात. आमच्या मामालोकांत हे कुणी न शिकवता रुजलं आहे. गर्दीपासून दूर उतरायचं, एखाद्या एकट्या घराच्या न्हाणीघरात शिरायचं, दार ओढून घ्यायचं आणि पालथं पडून राहायचं. बाहेर तरुण रक्त एकमेकांना संपवत असतं. शंभरांतले नव्वद गेले की मामा पहिल्या दहांत, एकही गोळी न झाडता. भाचे याला कॅम्पिंग म्हणून हिणवतात. पण ज्या माणसाने आजवरच्या सगळ्या ग्रामसभा मागच्या बाकावर बसून काढल्या आणि ज्याचं गावात अजून कुणाशीही वैर नाही, त्याला हे तंत्र नव्याने शिकायची गरज काय? अडचण एवढीच की झोन, म्हणजे जगायची जागा, आकसत येते. निळी रेघ न्हाणीघरापाशी पोचते, बाहेर पळणं भाग पडतं, आणि पळायचं बटण कुठलं हे विचारायचं राहून गेलेलं असतं.

बरं, वयाची ढाल तरी किती दिवस पुढे करणार? जपानच्या हामाको मोरी यांचा जन्म १९३० चा. नव्वदाव्या वर्षी त्यांची गिनीज बुकात सर्वांत वयस्क गेमिंग यूट्यूबर म्हणून नोंद झाली. स्वीडनमध्ये सिल्व्हर स्नायपर्स नावाचा ज्येष्ठ नागरिकांचा संघ काउंटर-स्ट्राइकच्या स्पर्धांत उतरला. त्यांच्यापैकी कुणाला "आजी, तू परत मेली?" असं विचारायची नातवंडांची टाप नसावी.

आणि वेळेचं म्हणाल तर पेडण्याच्या माणसाने तरी ते तोंडातून काढू नये. या तालुक्यात दिवसा गवंडीकाम करणारा माणूस रात्री दशावतारात राजा होतो. संहिता नाही, तालीम नाही. उभं राहून पल्लेदार बोलतो आणि पहाटे रंग पुसून पुन्हा कामावर जातो. जत्रेच्या नाटकासाठी बँकेतला कारकून आणि शाळेतला मास्तर महिनोन् महिने रात्री अकरानंतर तालमी करतात. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत उतरायचं तर संसार, नोकरी आणि प्रॉम्प्टर तिन्ही सांभाळावी लागतात. अकादमीचीच मनोहरबुवा शिरगावकर स्मृती भजन स्पर्धा आली की गावागावांतली पथकं गौळणीवर घासाघीस करत बसतात, आणि तिथे कुणी "हप्त्यामुळे तिहाई चुकली" असं म्हणून बघावं. बुवा त्याला पेटी उचलायला लावतील. पखवाजावर चालणारी ही बोटं आहेत. ती काचेवर ठेवली की अचानक कर्तव्याच्या भाराने वाकतात, आणि उडी मारणं नि गोळी झाडणं एका वेळी जमत नाही, हे मला पटत नाही.

सवडीचा विषय निघालाच आहे तर एक डिचोलीचीच गंमत सांगतो. इंग्रजी विकिपीडियावर २००७ मध्ये कुणीतरी डिचोलीच्या युद्धावर भलामोठा लेख लिहिला. पोर्तुगीज आणि मराठे यांच्यात १६४० ते १६४१ या काळात झालेलं युद्ध, मग तह, सगळं साग्रसंगीत, तळटीपांसकट. लेखाला चांगल्या लेखाचा शिक्काही मिळाला. २०१२ च्या डिसेंबरमध्ये एकाने संदर्भ उघडून बघितले, तेव्हा कळलं की असं युद्ध झालंच नव्हतं आणि संदर्भांची पुस्तकंही नव्हती. पाच वर्षं डिचोलीत लढाई चालू होती आणि डिचोलीला पत्ता नव्हता. ज्या कुणी ते लिहिलं त्यालाही पोटापाण्याचा उद्योग असेलच की! न झालेल्या युद्धाच्या तळटीपा रचण्याइतका वेळ माणूस काढू शकतो, तर झोनमध्ये वेळेवर पोचण्याइतका का नाही?

मामालोकांचा शेवटचा बुरूज म्हणजे पूर्वपराक्रम. "आमच्या वेळी म्हापशात गेमच्या दुकानात आम्हाला कुणी हरवून दाखवावं!" नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे खेळ आले, त्यांत कॉन्ट्रा होता, आणि तो आपण लीलया संपवायचो, असं चाळिशी-पन्नाशीचा प्रत्येक जण सांगतो. त्यांना आधार क्रमांक पाठ नसतो, लग्नाची तारीख विचारली तर घाम फुटतो, पण वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए ही संथा झोपेत म्हणतील. ती दाबली की तीनाऐवजी तीस जीव मिळायचे. पराक्रम तो एवढा.

पण या संथेचा इतिहास मला फार आवडतो. कोनामी कंपनीत काझुहिसा हाशिमोतो नावाचे प्रोग्रामर होते. १९८६ मध्ये 'ग्रेडियस' हा खेळ घरच्या यंत्रावर आणण्याचं काम त्यांच्याकडे होतं. खेळ तपासायचा म्हणजे खेळून बघायला हवा, आणि त्यांना तो खेळता येईना, सारखे मरायचे. म्हणून त्यांनी स्वतःपुरती ही बटणांची जुळणी आत घालून ठेवली आणि ती तशीच बाजारात गेली. खेळ ज्याच्या हातून बनला त्यालाच तो जमत नव्हता! या भल्या माणसाने घरचे व्याप सांगितले नाहीत, ऑफिसचा ताण सांगितला नाही. त्याने सोय करून घेतली. २०२० मध्ये ते वारले. पेडण्यातल्या निदान अर्ध्या मामांनी त्यांच्या नावाने एक नारळ ठेवायला हवा होता.

एवढं झोडपल्यावर आता मामांच्या बाजूने जे खरं आहे तेही सांगायला हवं. ते वेळात नाही आणि वयातही नाही. ते कानांत आहे. या खेळात शत्रू डोळ्यांना दिसण्याआधी कानांना कळतो. पावलं कुठल्या बाजूने येतात, कुठल्या मजल्यावर आहेत, गाडी जवळ येते की लांब जाते, हे सगळं हेडफोनमधून ऐकायचं असतं. भाचे दोन्ही कान झाकून बसतात. घरात कुणी कोसळलं तरी त्यांना ऐकू जात नाही. कर्त्या माणसाला हे परवडत नाही. भटजींचा फोन येणार असतो, गॅसवाला हॉर्न देऊन पुढे निघून जातो, आतून "अहो, नारळ सोलून द्या" अशी हाक यायची असते. कान घरासाठी मोकळे ठेवायचे म्हणजे बेटावर बहिरा होऊन फिरायचं. त्यात मोपाला ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उतरायला लागली. भाचा म्हणतो, पावलं ऐकली नाहीस काय? मामा बोट वर करतात. आणि त्या वेळी खरोखरच एक विमान डोक्यावरून जात असतं.

मात्र कान मोकळे ठेवूनही उत्तम खेळणारं माणूस आमच्याच घरात आहे: वहिनी. सकाळचे डबे, सासूच्या गोळ्या, स्वतःची नोकरी, स्वयंसाहाय्य गटाचा हिशेब, चवथीची चकली-नेवरी, एवढं सगळं करून ती कँडी क्रशमध्ये हजारोंच्या घरातल्या लेव्हलवर आहे. २०१२ मध्ये आलेला हा खेळ. त्यावर एकाही मंत्र्याने राक्षस म्हणून बोट ठेवलेलं नाही, कारण तो खेळला जातो हेच कुणाच्या लक्षात येत नाही. कदंबच्या बसची वाट बघताना, दवाखान्यात नंबर येईपर्यंत, दूध उतू जायच्या बेतात असताना. मी तिला एकदा विचारलं, सवड कधी मिळते? ती म्हणाली, "कुकराच्यो तीन शिट्यो जायसर एक लेव्हल जाता." आणि तेवढ्यात तिसरी शिटी झाली, तिने गॅस बंद केला आणि लेव्हलही.

कुणी म्हणेल, कँडी क्रश म्हणजे काय खेळ झाला! गोळ्या एका ओळीत लावायच्या. हे म्हणणारे तेच, जे दोन-तीनशे लेव्हलांच्या पुढे कधी गेले नाहीत. पण त्यातली खरी हुशारी निवडीत आहे. तिने असा खेळ घेतला जो हाक आली की जिथल्या तिथे ठेवता येतो आणि परत आल्यावर तिथेच सापडतो. पब्जीची मॅच अर्धा तास चालते आणि मध्ये थांबत नाही. ज्याच्या अंगावर खरोखर घर पडलेलं आहे, तो अर्धा तास न थांबणाऱ्या खेळाच्या वाटेलाच जात नाही. आम्ही पुरुष जातो, थांबत नाही, हरतो आणि पावती घराच्या नावाने फाडतो.

तेव्हा माझा निकाल असा. आतून हाक आल्यावर ज्याने मोबाइल पालथा ठेवला, उठून नारळ सोलला आणि परत येऊन बघतो तर आपला गडी मेलेला, त्याला संपूर्ण माफी. भाच्यांनी त्याला एक अक्षर बोलू नये. तो शहीद आहे. ज्याने "आलो, आलो" म्हणत मॅच शेवटपर्यंत खेळली आणि तरीही मेला, त्याने जबाबदारीचं नाव घेऊ नये. त्याच्या हातून ना नारळ सोलला गेला ना शत्रू मेला. आणि ज्याने "आलो, आलो" म्हणत खेळून मॅच जिंकली, त्याचा न्याय करणं माझ्या अधिकारात नाही. ते खटलं आत चालेल.

खेळ बनवणाऱ्यांना मात्र एक विनंती आहे. हाशिमोतोंइतकी मोठी सोय नको. तीस जीव घेऊन आम्ही करणार काय, तीस वेळा त्याच न्हाणीघरात मरू. एक साधं बटण द्या, 'घरातून हाक आली' असं. ते दाबलं की पाच मिनिटं गडी कुणाला दिसू नये आणि कुणाची गोळी त्याला लागू नये. एका मॅचमध्ये तीनदा पुरे. गैरवापर होऊ नये म्हणून बटण दाबल्याची खबर हाक मारणाऱ्या माणसाच्या मोबाइलवर जाऊ दे, म्हणजे नारळ खरोखर सोलला जातोय की नाही ते तिथल्या तिथे कळेल. यासाठी वर्गणी काढायची वेळ आली तर पेडणे-डिचोलीतून ती सहज निघेल. महिला मंडळं जास्त देतील.